पाचशे कोसांपलीकडची बंदरं

(जामनेर, १९६७. चैत्रातली दुपार. जैन किराणा दुकानदार पारसमल आणि त्यांची बायको प्रेमकुंवर पंधरा दिवसांपूर्वी आफ्रिकेची बोटीची सफर करून आले आहेत. शेजारची ताईबाई पापड लाटायला आली आहे.)

पारसमल : म्हणजे त्या खलाशानेच नेल्या. दुसरं कोण नेणार? बोटीत खोलीबाहेर काढून ठेवल्या, डोळे मिटून सामायिकाला बसलो आणि उठून बघतो तर नाहीत.

प्रेमकुंवर : असेल. आता जुन्या वहाणा घाला. व्याख्यानाला आलेले लोक तुमचं तोंड बघतील, पाय नाही.

ताईबाई : काय हरपनं, शेठजी?

पारसमल : वहाणा, ताईबाई. चांगल्यातल्या.

ताईबाई : त्या करकर वाजेत त्या? माय व! त्या वाजन्यात म्हणजे बठ्ठी गल्लीले समजे, शेठजी उनात.

प्रेमकुंवर : गल्लीला नंतर कळायचं. आमची बदाम त्या आवाजावर आधी दार उघडायची. तीन वर्षांची होती, कडीला हात पुरायचा नाही, पाटावर चढायची.

पारसमल : त्या खलाशाचा चेहराच मला बरा वाटला नव्हता. पाणी मारायला यायचा आणि माझ्या पायांकडे बघायचा. मीही मग परतीच्या वाटेवर सारखा त्याच्याकडे बघत होतो.

प्रेमकुंवर : बिचारा म्हणत असेल, शेठला बोट लागली.

पारसमल : बरं, ते राहू दे. चार वाजता वाचनालयात जायचंय. शालिग्राम गुरुजींनी काळ्या फळ्यावर खडूने लिहिलंय, ‘आगबोटीची सहा बंदरे : आवडलेली आणि टाळावीत अशी.’ खाली माझं नाव. फुलंही काढलीत कोपऱ्यात. आता तू पटापट सांग, मी कागदावर उतरवतो. माहे बंदर कसं होतं?

प्रेमकुंवर : कितव्यांदा सांगू? भर समुद्रातलं बेट आहे ते. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, हिरवेगार. बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते. छोट्या होडीतून नेतात. उतरताना माझी ओढणी गुडघ्यापर्यंत भिजली.

पारसमल : ओढणीचं नको. गावाचं सांग.

प्रेमकुंवर : गाव एवढंसं. चौकात रुपेरी रंगाचं उंच घड्याळ आहे. ते दोनदा वाजतं. एकदा बारा वाजले की दोन मिनिटांनी पुन्हा बारा. मी विचारलं असं का, तर दुकानदार म्हणाला, ज्याने पहिल्यांदा ऐकलं नाही त्याच्यासाठी.

ताईबाई : आमना घरमा बी तसंच शे. मन्हा धनीले दोन दाव सांगो तवय ऐकू येस.

पारसमल : घड्याळ... दोनदा... हे चांगलं आहे. लोक हसतील. मग माहे आवडलेल्यात घालायचं का?

प्रेमकुंवर : मला आवडलं. तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात, आठवतंय? ‘सगळ्यात वाईट बंदर. काहीच दिसत नाही.’

पारसमल : बोट इतकी लांब उभी केली तर काय दिसणार?

ताईबाई : अक्का, मी कवयपासून ऐकी राहिनू. बंदर कोनतं बी राहो, तूच सांगस. मंग शेठजीस्नी काय देखं?

पारसमल : पाहिलं की. सहाच्या सहा पाहिली.

ताईबाई : मोंबासाना भाजीबाजार कसा शे?

पारसमल : मोठा आहे.

ताईबाई : वांगा कशा राहतस तठे? आपला भरीतना वांगासारख्या?

पारसमल : वांगी... अगं, वांगी कशी होती?

प्रेमकुंवर : मला कशाला विचारता? सांगा की.

ताईबाई : शेठजी, तुम्ही बोटवरथून उतरनात का नही?

पारसमल : पोरबंदरला उतरलो होतो.

प्रेमकुंवर : हो, पोरबंदरला उतरले. सुकट वाळत घातलेली होती किनाऱ्यावर. हे नाकाला उपरणं लावून गेले, खाजली नावाची कुरकुरीत मिठाई घेतली आणि नाकाला उपरणं लावून आले. सहा बंदरांत यांचे पाय लागले ते एवढ्या एकाच बंदराला. मुंबईला तर आपण बोटीत चढलो, तिला कशाला धरायचं.

ताईबाई : मंग मोंबासा? पोरनं घर?

प्रेमकुंवर : सांगा आता. ताईबाई काही परकी नाही.

पारसमल : सांगतो. कुठे बोलू नकोस, ताईबाई. बदाम झाली ना, धुळ्याला, हिच्या माहेरी, तेव्हा चौमासा चालू होता. तिथे महाराजसाहेबांचं रोज प्रवचन असायचं. मी बाळ-बाळंतिणीला बघून साधूंच्या स्थानकात प्रवचनाला गेलो. पहिलंच बाळ, दोघी सुखरूप. इतका आनंद झाला होता की काय करू आणि काय नको. त्या दिवशी महाराजसाहेब दिशेचं व्रत समजावून सांगत होते. माणसाने धावाधाव किती करावी त्याला हद्द घालावी. मी भर सभेत उठलो, हात जोडले आणि म्हणालो, पाचशे कोसांच्या बाहेर पाऊल टाकणार नाही.

प्रेमकुंवर : मी खाटेवर. मला विचारलंही नाही.

पारसमल : पाचशे कोसांत काय येत नाही? मारवाडातलं गाव येतं, कलकत्ता येतं, मद्रास येतं. किराण्याच्या दुकानदाराला याच्याबाहेर कशाला जायचंय? मला काय माहीत, त्याच मुलीचा नवरा धुळ्याचं कापसाचं जिनिंग सोडून आफ्रिकेतल्या जिनिंगमध्ये नोकरी धरील म्हणून.

ताईबाई : मंग जावा पहिले याद उनी नही?

पारसमल : नाही आली. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाच्या पाठात हे सहावं, दिशेचं व्रत म्हणतो मी. बावीस वर्षं तोंडाने म्हणत होतो, कानांनी कधी ऐकलंच नाही. पोरबंदर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, चहूकडे पाणी, मी डोळे मिटून म्हणत होतो आणि ‘दिशा’ म्हटल्यावर अंगावर काटा आला. हद्द विसरणं हासुद्धा दोष आहे, तेही त्याच पाठात आहे.

प्रेमकुंवर : पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, बोट लागली. मी लिंबू शोधतेय आणि हे म्हणतात, बोट मागे फिरवता येईल का, विचारून ये.

ताईबाई : इचारं का मंग?

प्रेमकुंवर : मी काय वेडी आहे?

पारसमल : म्हणून मग ठरवलं. बोट जाते ती तिच्या मर्जीने. झालं ते नकळत झालं. पण कळल्यावर त्या जमिनीला पाय लावायचा नाही.

ताईबाई : म्हणजे पोरना गावपर्यंत गयात आन घर देखं नही?

पारसमल : नाही.

ताईबाई : माय व.

प्रेमकुंवर : महिनाभर राहायचं ठरवून गेलो होतो आम्ही. पापड, लोणचं, बाळाला काजळाची डबी, सगळं महिन्याच्या बेताने. बोट तिथे चार दिवस उभी. मी रोज सकाळी उतरायची, लेकीकडे जायची, सूर्य बुडायच्या आत यांच्या जेवणासाठी परत. मग बोट झांजीबारला, दारेसलामला गेली, तिच्याबरोबर आम्हीही. यांना एकटं कसं सोडू? येताना पुन्हा एक दिवस मोंबासा. झाले पाच दिवस.

ताईबाई : आन आठे सांगं, दुकाननं काम निंघनं म्हणीसन लवकर उनूत.

प्रेमकुंवर : ते यांनीच सांगितलं.

पारसमल : तेवढं एक खोटं बोललो.

प्रेमकुंवर : आणि आज चार वाजता पन्नास माणसांपुढे आणखी बोलायचंय.

पारसमल : खोटं कुठे? डेकवरून पाहिली ना बंदरं! दारेसलाम तर मी तुझ्यापेक्षा चांगलं पाहिलं. बोट अशी अरुंद तोंडातून आत शिरते, गावच्या वेशीतून बैलगाडी जावी तशी. दोन्ही काठांवर माडाची झाडं. एक म्हातारा काठावर बसला होता, त्याने मला हात केला, मी त्याला केला. गाव सगळं समोर. माझ्या मते ते सगळ्यात उत्तम बंदर.

प्रेमकुंवर : आणि झांजीबार?

पारसमल : झांजीबारचं नाव काढू नकोस. जन्मभर लवंगा विकल्या मी. चिमटीने उचलून वास घ्यायचा आणि माल सांगायचा, हा माझा धंदा. तिथे बोट उभी राहिली तर सगळ्या हवेलाच लवंगेचा वास. मी कठड्याला धरून उभा. समोर लवंगा आणि मी इकडे. इतकं वाईट पोरबंदरच्या सुकटीनेही वाटलं नव्हतं.

प्रेमकुंवर : मूठभर आणून दिल्या ना मी.

पारसमल : दिल्यास. त्या अजून कोटाच्या खिशात आहेत.

ताईबाई : आन मोंबासा? ते कोनती यादीमा घालशात, आवडेल का टाळाना?

पारसमल : मोंबासाला गोदामं आड येतात. धक्क्यावर नुसत्या कापसाच्या गाठी आणि पत्र्याची छपरं. तसं पाहिलं तर टाळावं असंच. पण मला आवडलं.

प्रेमकुंवर : का, ते सांगा.

पारसमल : पहिल्याच दिवशी बदाम बोटीची शिडी चढून वर आली, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. तिथे सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. लग्नात रडली नव्हती इतकी रडली. मग मी बाळाला घेतलं आणि त्याने माझं धोतर ओलं केलं. असं बंदर मी टाळू कसा?

ताईबाई : पोरगा हुशार शे.

पारसमल : आणि गोदामांच्या फटीतून लांब एक गच्ची दिसायची. बदाम म्हणाली होती, बापू, मी गच्चीवरून लाल ओढणी हलवीन. दुसऱ्या दिवशी बघतो तर खरंच लाल ओढणी. मी उपरणं हलवलं. तिसऱ्या दिवशीही हलवलं. एक तास हलवलं. हात भरून आला, पण तिने बंद केलं नाही म्हणून मीही केलं नाही.

प्रेमकुंवर : अहो.

पारसमल : काय?

प्रेमकुंवर : बदामचं घर मोंबासा बेटाच्या पलीकडच्या बाजूला आहे. तिच्या गच्चीवरून बोट दिसतच नाही. तिने वर जाऊन बघितलं आणि खट्टू होऊन खाली आली.

पारसमल : मग ती ओढणी कोणाची?

प्रेमकुंवर : कोणाची तरी रजई वाळत होती.

पारसमल : दोन दिवस?

प्रेमकुंवर : जाड असेल.

ताईबाई : अक्का, नको हसाडू व, पापड फाटी गया मन्हा.

पारसमल : हसा. तुम्ही दोघी हसा. चार वाजता सगळा गाव हसणार आहे. मी तिथे उभा राहून काय सांगू? घड्याळ दोनदा वाजतं, हे मी ऐकलं नाही. बाजार पाहिला नाही, वांगी पाहिली नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करतात, मी तर नुसती वाफ पाहून आलोय. आणि तू पाहिलेलं माझं म्हणून सांगितलं तर ते असत्य. एक व्रत वाचवायला दुसरं मोडायचं का?

प्रेमकुंवर : मग नका मोडू.

पारसमल : तूच बोल.

प्रेमकुंवर : काय?

पारसमल : तूच चल आणि बोल. मी सांगेन, बंदरं हिने पाहिलीत, मी डेकवर बसलो होतो. का बसलो होतो तेही सांगेन. हसू देत.

प्रेमकुंवर : वाचनालयात सासरे येणार, थोरले जेठ येणार. नाकापर्यंत घुंघट ओढून बोलू?

पारसमल : मोंबासाच्या बाजारात होता घुंघट?

प्रेमकुंवर : तिथे कोण होतं माझ्या सासरचं?

ताईबाई : पन तू गयथी का व अक्का एकटी? परमुलूखमा?

प्रेमकुंवर : गेले ना. पहिल्या दिवशी जावई आले होते न्यायला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मी येते माझी. रस्त्यावर हत्तीचे पत्र्याचे चार मोठे दात कमानीसारखे उभे केलेत, ती माझी खूण. तिथून उजवीकडे. वाटेत मोगो नावाचं काही तळत असतात, वर लिंबू आणि लाल तिखट. इतका छान वास! विचारलं तर कंद निघाला. कंद आपल्याला चालत नाही. पण वास घ्यायला कोणी मनाई केली नाही, म्हणून मी रोज त्याच रस्त्याने गेले. सासरी बावीस वर्षांत एकटी कधी पलीकडच्या गल्लीतही गेले नव्हते, ताईबाई. मला फार बरं वाटलं. अगदी खरं सांगते.

पारसमल : हेच. हेच तिथे सांग. असंच. जेठांना मी आधी सांगून ठेवतो.

प्रेमकुंवर : बोलेन. घुंघटातूनच बोलेन, आवाजाला कुठे घुंघट असतो. पण तुम्ही व्रताचं सांगणार असाल तर आधी एक बघून घ्या. ताईबाई, त्या पापडाच्या डब्याखालची वही दे गं.

पारसमल : ही माझी व्रताची वही! कुठे सापडली?

प्रेमकुंवर : तुमच्या पेटीत. आल्या दिवशीच शोधली.

पारसमल : त्यात काय बघायचं? मला तोंडपाठ आहे. पाचशे कोस.

प्रेमकुंवर : वाचा.

पारसमल : चष्मा कुठाय... ‘संवत दोन हजार दोन, भादवा सुद. मुक्काम धुळे. महाराजसाहेबांच्या मुखाने, दिशा परिमाण. चारी दिशांना पाचशे कोस.’ बघ. म्हटलं नव्हतं?

प्रेमकुंवर : पान उलटा.

पारसमल : ‘...या चौमाशाच्या अखेरीपर्यंत.’

प्रेमकुंवर : अक्षर कोणाचं आहे?

पारसमल : माझंच.

ताईबाई : काय शे? माले बी सांगा.

प्रेमकुंवर : दोन-अडीच महिन्यांचं व्रत होतं, ताईबाई. बदाम तीन महिन्यांची व्हायच्या आत संपलं.

ताईबाई : मन्हा धनी एकादशी धरस आन दुपारले इसरी जास. शेठजीनं उलटं शे. अडीच महिनानं व्रत बावीस वरीस पाळं.

पारसमल : म्हणजे मी उतरू शकलो असतो.

प्रेमकुंवर : हो.

पारसमल : माहेला, झांजीबारला. बदामकडे.

प्रेमकुंवर : हो.

पारसमल : तू पंधरा दिवस बोलली नाहीस?

प्रेमकुंवर : कशी बोलू? रात्री झोपेत तुम्ही उपरणं हलवत होतात. म्हटलं, जरा वेळ जाऊ दे. आज तुम्ही चारचौघांत चुकीचं सांगायला निघालात म्हणून काढली.

ताईबाई : अक्का, शेठजी रडी राहिनात का हसी राहिनात?

प्रेमकुंवर : थांब जरा. कळेल.

पारसमल : जाड असेल म्हणे! रजईला एक तास उपरणं हलवलं मी. बाजूला एक साहेब उभा होता, त्यानेही टोपी काढून हलवली. त्याला वाटलं असेल, इकडे असा रिवाज आहे.

प्रेमकुंवर : हसतायत. लाट तू.

पारसमल : अगं, पण एक सांग. मी मुद्दाम विचारलं नव्हतं, न पाहिलेलं ऐकून जीव दुखतो म्हणून. तिचं घर कसं आहे?

प्रेमकुंवर : दोन खोल्या. वर गच्ची. ओटा उजेडाकडे. पाणी गाळायचं फडकं खुंटीला, अगदी आपल्यासारखं. दाराला आतून कडी आहे, वर.

पारसमल : हात पुरतो तिचा?

प्रेमकुंवर : आता पुरतो.

पारसमल : पुन्हा जायचं झालं तर बोट दिवाळीनंतर असते ना? चौमासा संपल्यावर?

प्रेमकुंवर : असते. मी जावयांना पत्र घालून विचारलंय.

पारसमल : कधी?

प्रेमकुंवर : वही सापडली त्या दिवशी.

ताईबाई : मन्ही अक्का! बावीस वरीस गप बठनी, आते बोटवर बोट धरी राहिनी.

पारसमल : बरं, ऊठ, ओढणी बदल. साडेतीन झाले. मी त्या जुन्या वहाणा घालतो. चांगल्या असत्या तर... त्या खलाशाला मी कधी क्षमा करणार नाही.

प्रेमकुंवर : त्याला काही बोलू नका. क्षमा तुम्हालाच मागावी लागेल.

पारसमल : मला? का?

प्रेमकुंवर : चौथ्या दिवशी तिच्या घरून निघताना बदाम म्हणाली, बापूंचे पाय काही माझ्या घराला लागले नाहीत. येताना पुन्हा मोंबासा लागलं, त्या सकाळी तुम्ही डोळे मिटून सामायिकाला बसला होतात. मी त्या उचलून पिशवीत घातल्या.

पारसमल : वहाणा?

प्रेमकुंवर : व्रत तुमच्या पायांचं होतं, वहाणांचं कुठे होतं? तिच्या दाराशी ठेवून आलेय. बाहेरच्या बाजूला, जोडीने.

पारसमल : आणि ती काय म्हणाली?

प्रेमकुंवर : काही नाही. एकदा हातात घेऊन करकर वाजवल्या आणि परत जागेवर ठेवल्या.